विश्राम गायकरचा हात

विश्राम गायकरनं पहिल्यांदा माणसाचं रक्त काढलं तेव्हा तो चौथीत होता, आणि त्या दिवशी त्याला ताटात तळलेल्या बोंबलाचा एक तुकडा जास्त मिळाला.

झालं असं, की त्यांचं गाव डोंबिवली एमआयडीसीच्या कुंपणाला चिकटलेलं. बापाच्या भातखाचरावर रंगाची कंपनी उभी राहिली होती. माणसांनी ते कसंबसं गिळलं होतं, म्हशीला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली जुन्या वाटेनं कुंपणाच्या भोकातून आत शिरायची. एक दिवस वॉचमननं तिला काठीनं बडवली आणि सोडवायला गेलेल्या बापाची गचांडी धरली. पोरानं रस्त्यावरच्या खडीतला दगड उचलला आणि नेमका वॉचमनच्या नाकावर घातला. रक्ताची धार वॉचमनच्या खाकी शर्टावर उतरली. जेवताना बाप एवढंच बोलला, "बरा केलंस. हात हाय तं उचलाचा."

त्यानंतर विश्रामचा हात खाली असा राहिलाच नाही. कबड्डीत त्यानं दोघांचे खांदे उतरवले. चुलतभावाच्या हळदीत बेंजो रंगात आलेला असताना शेजारच्या गावच्या एकानं हेमाकडं बघून काहीतरी ओंगळ म्हटलं. हेमा म्हणजे विश्रामची बायको, तेव्हा नवीन नवीन. विश्रामनं लोखंडी खुर्ची घडी केली आणि त्याच्या टाळक्यात घातली. टाके पडले, पोलीस ठाणं झालं, मग दोन्ही गावांनी एकत्र बसून मटण खाऊन ते मिटवलं. हेमा मात्र पुढं वर्षभर म्हणायची, "मना बोलला त्याचा काय नाय, पन नवी खुर्ची मोरली ना!"

असा हा माणूस. पुढं भूमिपुत्र म्हणून एमआयडीसीतल्याच एका पत्रा-प्रेसच्या कंपनीत कायम झाला. गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग तिथं पॉवर प्रेसवर निघायचे. वर मुठीएवढा नाही, चांगला उखळाएवढा पोलादी ठोकळा, खाली साचा, मधे पत्रा ठेवायचा. ठोकळा धाडकन पडायचा की पत्र्याचा भाग तयार. हे एवढंच काम, पण त्या मधल्या जागेत माणसाचा हात जातो आणि ठोकळ्याला पत्रा काय, हाड काय, सारखंच.

म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोकळा पडत नाही. दोन्ही हात बटणावर असले म्हणजे साच्यात हात असायचा प्रश्नच नाही.

विश्रामच्या शेजारच्या प्रेसवर चांगदेव होता. चांगदेव शेजवळ, मोहन्याच्या चाळीतला. बाप तिथल्या रेयॉन कंपनीत होता. ती बंद पडल्यावर हा ठेकेदाराच्या नावावर इथं लागला. काम कायमच्या माणसाचं, कागद ठेकेदाराचा. ईएसआयचं, म्हणजे सरकारी विम्याचं, कार्ड काढतो काढतो म्हणत ठेकेदारानं काढलं नव्हतं. चांगदेव बारका, शांत, विडी-दारूला न शिवणारा. डबा मात्र दोघांचा एकत्र उघडायचा. विश्रामचं सुकट आणि चांगदेवच्या आईचा ठेचा. जाईबाईचा ठेचा असा, की विश्रामसारख्या गड्याच्याही डोळ्यांतून पाणी यायचं आणि चांगदेव म्हणायचा, "बघा, गायकरांना पण रडता येतं."

दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली. फोरमन प्रशांत, शेठच्या बहिणीचा मुलगा, चांगदेवच्या प्रेसशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दोन दोन हात कशाला अडकवतोयस? एक बटण पॅक कर ना. एका हातानं दाब, दुसऱ्यानं माल भर. डबल निघेल."

"साहेब, ते बरोबर नाही."

"बरोबर-चूक मी बघतो. तू काम बघ. नाहीतर ठेकेदाराला सांगू का, दुसरा पाठव म्हणून?"

दुसऱ्या दिवशी उजवं बटण कायम दाबलेलं राहील अशी एक लाकडी पाचर त्यात ठोकलेली होती. विश्रामनं ती बघितली. त्यानं प्रशांतला विचारलं सुद्धा. प्रशांत हसून म्हणाला, "तुझ्या मशीनला नाही ना ठोकली? मग?"

विश्राम परत आपल्या प्रेसवर गेला. मारामारीचा प्रसंग नव्हता, आणि मारामारीशिवाय बोलायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पाचर ठोकल्यावर आठवडाही झाला नसेल. जेवणाच्या सुट्टीआधी विश्रामला शेजारून एक आवाज आला. पत्रा दबल्याचा आवाज त्याच्या कानाला पाठ होता. हा ओला होता. वळून बघतो तर चांगदेव उभा, उजवा हात साच्यात, आणि ठोकळ्याच्या कडेनं लाल ओघळ ऑईलमध्ये मिसळत खाली चाललेला. चांगदेव ओरडला नाही. ठोकळा वर गेला, हात सुटला, तेव्हा पांढऱ्याफटक तोंडानं त्यानं विचारलं, "अंगठा आहे का रे? बघ ना, अंगठा आहे का?"

अंगठा होता. करंगळी होती. मधलं काही नव्हतं. जे होतं ते साच्यात पत्र्याला चिकटून बसलं होतं, पत्र्याच्याच आकाराचं.

विश्रामनं स्वतःचा शर्ट फाडून हात बांधला, त्याला खांद्यावर टाकला आणि गेटवर माल भरत असलेला टेम्पो अडवला. ड्रायव्हर म्हणाला, "माल?" विश्रामनं दोन पेट्या रस्त्यावर लोटल्या आणि म्हणाला, "ह्यो माल." दवाखान्यात पोचेपर्यंत टेम्पोच्या फाळक्यातून रक्त ठिपकत होतं.

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही प्रेस शॉपमध्ये होतं. पुढं जे झालं ते यांच्याच हातून होण्यासारखं होतं.

या कंपनीत एक रिवाज होता. कुणी घालून दिला कुणास ठाऊक, पण आगरी, मराठा, भय्ये, सगळे पाळायचे. रक्त प्यालेली मशीन तशीच चालवायची नाही. ती धुवायची, हळदीचं पाणी शिंपडायचं, नारळ फोडायचा. आणि मशीनवरची जी जी सुटी वस्तू रक्ताला लागली असेल, चिंधी, हातमोजा, लाकूड, काय असेल ते, सगळं फडक्यात बांधून वाहत्या पाण्यात सोडायचं. नाही सोडलं तर मशीन दुसरं माणूस मागते.

दवाखान्यातून विश्राम परत आला तो सरळ प्रेसपाशी. त्यानंच ती धुतली. चिमट्यानं साचा साफ केला. काय काय निघालं ते त्यानं पुढं हेमालाही सांगितलं नाही. मग छिन्नी लावून उजव्या बटणातली पाचर उचकटून काढली. ती रक्तानं काळी झाली होती. तीही त्यानं फडक्यात घातली. प्रशांत मागं उभा होता. चेहरा उतरलेला, पण हात जोडलेले. म्हणाला, "कर, विश्राम. नीट कर सगळं. देवाचं काम आहे." नारळही त्यानंच मागवला.

जवळचं वाहतं पाणी म्हणजे एमआयडीसीचा नाला. ज्या कंपनीनं जो रंग सोडला तो त्याचा त्या दिवसाचा रंग. त्या दिवशी नाला गुलाबी होता. विश्रामनं गाठोडं सोडलं, हात जोडले, आणि माघारी वळला.

तीन-चार दिवसांनी फॅक्टरी इन्स्पेक्टर आला तेव्हा प्रेस झळाळत होती आणि दोन्ही बटणं चोख चालत होती. प्रशांतनं सांगितलं, "मशीन ओके आहे, साहेब. माणूस पिऊन आलेला. काहीतरी बटणात अडकवून शॉर्टकट मारत होता. आम्ही कितीदा वॉर्निंग दिली."

विश्राम तिथंच, दहा पावलांवर होता. त्याच्या कानात भुंगा शिरल्यासारखं झालं. त्यानं जवळचा पाना उचलला. बाकीच्या चौघांनी मिळून त्याला धरला आणि स्टोअरमध्ये कोंडला, तोवर इन्स्पेक्टरची गाडी निघून गेली होती.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर तो पाना पिशवीत घालूनच दवाखान्यात गेला. चांगदेव झोपला होता. बाहेरच्या बाकावर जाईबाई बसल्या होत्या, हातात रिकामा डबा. विश्राम त्यांच्या पायाशी बसला, मशीन धुण्यापासून इन्स्पेक्टरपर्यंतचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "आये, आज त्या प्रशांतचा हात तोरतू. साच्यात घालून नाय, माज्या हातानी तोरतू."

जाईबाईंनी पिशवीत हात घालून पाना बाहेर काढला. बाजूच्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. म्हणाल्या, "तोड. मग तू आत जाशील. मग माझ्या लेकाच्या बाजूनं बोलायला कोण उरलं ते सांग. लाकूड तर तूच वाहून दिलंस, बाबा."

विश्रामच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा उजेड पडला की आपण काय धुऊन टाकलं. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडात मारून घेतल्या. जाईबाईंनी त्याचे हात धरले. "पुरे. आता हे हात सांभाळून ठेव."

चांगदेव दवाखान्यातून सुटल्यावर दोघं कल्याणला आसावरी वकिलीणबाईंकडं गेले. पन्नाशीच्या बाई, केस आखूड, कामगारांचीच कामं घेणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी चांगदेवला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही दारू प्यायला होतात का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"मॅडम, मी वासानं पण आडवा होतो."

"बरं. मग नीट ऐका. तुमचं ईएसआय काढलेलं नाही, म्हणजे भरपाई मालकानं द्यायची. कामावर इजा झाली की ती त्याच्या गळ्यात पडतेच. त्यातून त्याला सुटायचं असेल तर मोजक्याच वाटा आहेत. तुम्ही प्यायला होतात, किंवा सुरक्षेचं साधन तुम्ही स्वतः जाणूनबुजून निकामी केलंत, असं त्यांना दाखवावं लागेल. म्हणून त्यांनी नेमकं तेच सांगितलंय. त्यांचा वकील हुशार आहे." मग त्या विश्रामकडं वळल्या. "आणि ती पाचर साहेबाच्या हुकमानं ठोकली हे सांगणारे तुम्ही एकटे."

"मी सांगतू. कुटं पन सांगतू."

"सांगाल. पण तुम्ही उभे राहायच्या आधी ते तुम्हाला गुंड ठरवतील. कायम कामगाराला असंच काढून टाकता येत नाही. आरोप लागतो, चौकशी लागते. साक्ष देतोय म्हणून छळलं तर ती अनुचित प्रथा, त्यासाठी मी त्यांना कोर्टात खेचीन. पण वरिष्ठावर हात उचलला, तोही कंपनीच्या आवारात, की याहून सोपा आरोप नाही. मग कायदा त्यांच्या बाजूला. हळदीत कुणाचं डोकं फोडलंत म्हणालात?"

विश्रामनं उजवा हात टेबलाखाली घेतला.

"तेही ते काढतील. म्हणून सांगते, तुमची साक्ष होईपर्यंत तुमचा हात उठता कामा नये. कुणी काहीही करो. जमेल?"

विश्राम म्हणाला, "जमल." बाहेर आल्यावर चांगदेवला म्हणाला, "येरी हाय ती. मना वाघाला पाला खायला सांगतेय."

विश्रामनं इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन लेखी जबाब दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला प्रेसवरून काढून भंगारात टाकलं. पत्र्याची कातरणं हातानं गोळा करायची, पिंपात भरायची. हातमोजे मागितले तर "संपले". आठवड्याभरात तळहातांची चाळण झाली. भंगाराच्या वर नवा कॅमेरा बसवला. प्रेसवर आजवर कॅमेरा नव्हता, आणि कातरणांवर कॅमेरा! विश्राम त्याच्याकडं बघायचा, आणि त्याला मासळीला लावलेला गळ आठवायचा.

मग प्रशांतचे खेळ सुरू झाले. कधी येता-जाता खांदा मारायचा. कधी म्हणायचा, "काय भूमिपुत्र, बापाची जमीन साफ होतेय ना नीट?" एकदा विश्रामचा डबा लाथेनं उडवला, भात कातरणांत सांडला. "सॉरी हां. उचल आणि खा, तुमच्यात चालतं सगळं." विश्रामनं भात गोळा केला, त्यातले पत्र्याचे कपचे वेचले आणि डबा बंद केला. दाढा एकमेकींवर अशा दाबल्या होत्या की कानशील दुखायला लागलं.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर सर्व्हिस रोडला तिघांनी त्याची मोटरसायकल पाडली. हेल्मेट घातलेले, हातात पाईप. पहिला फटका पाठीत, दुसरा गुडघ्यावर. इथं आवार नव्हतं, वरिष्ठ नव्हता. विश्रामनं एकाचा पाईप हिसकावून घेतला आणि क्षणभर त्याच्या अंगात जुना गायकर संचारला. पण रस्त्याच्या कडेला एक मोबाईल धरून उभा असलेला माणूस त्याला दिसला. तो कंपनीतला ड्रायव्हर होता. विश्रामनं पाईप गटारात फेकला, डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि खाली बसला. मग त्यांनी त्याला दमेपर्यंत मारलं.

वकिलीणबाई म्हणाल्या, "आधी मेडिकल, मग पोलीस." पोलीस ठाण्यात जुना हवालदार होता, हळदीच्या वेळचा. त्यानं विश्रामला वर-खाली बघितलं. "तू मार खाल्लास? तू? अरे, खुर्ची नाही सापडली का?" आणि हसत हसत तक्रार लिहून घेतली.

गावात त्याहून वाईट. नाक्यावरच्या पोरांनी टोमणा मारला, "विश्रामदादा, बांगऱ्या भरायच्या तं सांग, आमची मावशी इकतेय." घरी हेमानं हळद-तेल लावलं. लावून झाल्यावर म्हणाली, "तुमाला नसल मारायचा तं मी येतू. वरवंटा हाय घरात."

"तू गप."

"कवरा दिस गप?"

"तारीख येपर्यंत."

तारीख ठाण्याच्या लेबर कोर्टात लागली. ती लागल्याची नोटीस कंपनीला मिळाली, त्याच दिवशी प्रशांत चहाच्या सुट्टीनंतर भंगारापाशी आला. हातात स्टीलची लांब फुटपट्टी. मागं केदार फिटर. केदार डोंबिवलीचाच, तिशीतला, प्रशांतच्या मागंमागं करणारा. सगळे त्याला शेपूट म्हणायचे. मशीन बंद करायला लावून प्रशांतनं सगळ्यांना बघायला उभं केलं.

"हा माल चोरतोय," प्रशांत म्हणाला. "खिसे दाखव."

विश्रामनं खिसे उलटे केले. रिकामे.

फुटपट्टी आडवी आली आणि कानावर बसली. कानाची पाळ चिरली, गरम रक्त मानेवर उतरलं. विश्रामनं कॅमेऱ्याकडं बघितलं. दुसरा फटका गालफडावर.

"बघतोस काय? मार ना! गुंड आहेस ना तू? तुझ्या त्या लुळ्या मित्राला सांगितलंय ना, साक्ष देतो म्हणून? मार!"

विश्रामनं हात पाठीमागं घेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. आता तर प्रशांतला चेव आला. पट्टी टाकून त्यानं मूठ वळली. "केदार, धर याला. धर म्हणतो ना!"

केदारनं मागून त्याचे दंड धरले. प्रशांतची मूठ जबड्यावर बसली. विश्रामच्या तोंडात काहीतरी कडक फिरलं, दात. दुसरी पोटात. तिसरी पुन्हा जबड्यावर, आणि या वेळी हाड वाजल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं. विश्रामच्या अंगात एक झटका भरून आला होता. नुसती पाठ वाकवली असती तर केदार प्रशांतच्या डोक्यावर जाऊन आपटला असता, आणि मग प्रशांतचा गळा हातभरावर होता. त्याला तो गळा दिसत होता, त्यावरची सोन्याची साखळी दिसत होती. त्यानं जीभ दातांखाली धरली आणि चावली. तोंड रक्तानं भरलं. तो ते गिळत राहिला.

प्रशांतचाच हात सुजला, म्हणून ते थांबलं.

जमलेल्यांपैकी कुणी पुढं आलं नाही. पण कुणी मशीनही सुरू केली नाही. पाळी संपेपर्यंत शॉप तसंच बंद राहिलं, आणि शेठनं वरच्या केबिनमधून दोनदा खाली वाकून बघितलं. कॅमेऱ्यातलं चित्रण पुढं मागितलं तेव्हा कंपनीनं सांगितलं, त्या दिवशी लाईट नव्हती.

ठाण्याच्या कोर्टात विश्राम उभा राहिला तेव्हा त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता. शब्द दातांच्या फटीतून निघत होते. कंपनीच्या वकिलानं, गोऱ्यापान स्वानंद नावाच्या पोरगेल्या माणसानं, अगदी सौजन्यानं विचारलं.

"तुम्ही म्हणता पाचर होती. कुठंय ती?"

"नाल्यात."

"कुणी टाकली?"

"मी."

"का?"

"रगत लागलेला मशीनवर ठेवत नाय."

"म्हणजे पुरावा असलाच तर तो तुम्हीच नष्ट केलात?"

"हो."

"आणि हळदीत एका माणसाचं डोकं कुणी फोडलं होतं?"

"मीच."

स्वानंदनं जजसाहेबांकडं बघून हलकेच खांदे उडवले आणि खाली बसला. आसावरीबाईंनी उठून दोनच प्रश्न विचारले, "जबडा कुणी मोडला?"

"प्रशांतसाहेबानी."

"तुम्ही त्यांना किती मारलंत?"

"कायच नाय."

स्वानंद हरकत घ्यायला उठला. जजसाहेबांनी हातानंच त्याला बसवलं, चष्मा वर केला आणि विश्रामचे हात बघितले. मग टायपिस्टला म्हणाले, "घ्या ते."

बाहेर जिन्यापाशी चांगदेव उभा होता, उजवा हात सवयीनं खिशात. विश्राम त्याला म्हणाला, "पाचर नाय तं काय नाय. सगला बुरवला मी." चांगदेव काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावरून केदार वर आला. एकटाच. दोघांना बघून दोन पायऱ्या खालीच थांबला.

"दादा," तो विश्रामला म्हणाला, "मी तुला धरलेलं ना त्या दिवशी. मला वाटलेलं मी तुला थांबवलंय. मग कळलं, तू नुसता हललास तरी मी भिंतीवर जातोय. झोप नाही रे आली त्यानंतर." तो एक पायरी वर चढला. "ती पाचर मी केलेली. पॅकिंगच्या पेटीची फळी कापून. प्रशांतसाहेबांनी माप दिलं, मी कापली, मीच ठोकली. आत जाऊन सांगतो, कुणाला सांगायचं ते बोल."

इतके महिने ज्या शब्दांची वाट बघितली ते हेच शब्द होते. पण विश्रामला त्यातलं एकच ऐकू आलं: मी कापली, मीच ठोकली. त्याला काही कळायच्या आत उजवा हात निघाला आणि केदारच्या गालावर असा फुटला, की जिन्यावरचे पक्षकार, वकील, चहावाला, सगळे वळले. केदार कठड्यावर आपटला आणि तिथंच बसला.

"विश्राम!"

ओरडला तो चांगदेव. एवढ्या वर्षांत त्याचा आवाज इतका चढलेला विश्रामनं ऐकला नव्हता. चांगदेवनं खिशातून हात बाहेर काढला आणि अंगठा-करंगळीनं विश्रामची कॉलर धरली. "बोटं माझी गेली. माझी! कुणाला मारायचं आणि कुणाला नाही ते मी ठरवणार. तू कोण रे? मशीन धुतलीस तेव्हा मला विचारलंस? आता साक्षीदाराला मारतोस, कोर्टाच्या दारात? माफी माग त्याची."

विश्रामनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. तो एकदा चांगदेवकडं, एकदा स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. हात झणझणत होता. मग बांधलेल्या जबड्यातून कसाबसा पुटपुटला, "चुकला माजा."

"जाऊ दे ना, दादा," केदार गाल धरून म्हणाला. "एक खायचीच होती मला."

"तू गप," चांगदेव त्याच्यावर उलटला. "मी काय तुला माफ केलेलं नाही. आधी आत जाऊन सांग. मग बघतो."

आवाज ऐकून आसावरीबाई दारात आल्या. जिन्यावर बसलेला पोरगा, कॉलर धरलेला चांगदेव, खाली मान घातलेला विश्राम. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "काय केलंत? काय केलंत तुम्ही?"

केदार कठड्याला धरून उठला. शर्ट झटकला. "घरचं आहे, मॅडम. मी केदार. पाचर मी बनवलेली. मला सांगायचंय."

आसावरीबाईंनी त्याला नीट न्याहाळलं, मग दार उघडं धरलं. केदार त्यांच्या बाजूनं आत शिरला. गोऱ्या गालावर बोटं उठली होती, लालभडक, पाचच्या पाच. चांगदेव दार बंद होईपर्यंत ती बघत राहिला.